साइट उघडूनच नाही राहिली जी

भंडाऱ्यात ‘मी वेबसाइट बनवते’ असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर येतो आणि आदराच्या पाठोपाठ प्रश्न येतो, ‘‘मंग सातबारा निंगते का तुमच्याकडं?’’ निघत नाही म्हटलं की आदर निम्म्याने उतरतो. पॅनकार्ड? नाही. धानाची नोंदणी? नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म? तोही नाही. ‘‘मंग ताई, करता काय तुमी?’’ या प्रश्नाला चारचौघांत देता येईल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आमच्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात, ‘‘सून कंपुटरमधी रंग भरते.’’ बिल मंजूर करणाऱ्या बहुतेकांचं मतही याहून फार वेगळं नसतं.

लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. या जिल्ह्याची इंटरनेटशी ओळख झाली ती रांगेत उभं राहून. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे, म्हणजे कर्जमाफीचे, अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आधार कार्ड, पासबुक आणि अंगठा घेऊन माणसं केंद्राबाहेर बसायची, कारण सर्व्हर म्हणे रात्री चालतो. पुढे आधारभूत किमतीने धान विकायचं तर तिथेही ऑनलाइन नोंदणी आली. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे धानाच्या बांधीत उभं राहून मोबाइलला रेंज मिळेपर्यंत हात वर धरायचा. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांत ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द कळत नाहीत असा शेतकरी दाखवा. वेबसाइट ही अडण्यासाठीच असते, अशी ज्यांची अनुभवाने खात्री पटली आहे त्यांना मी वेबसाइट विकते. धंदा कसा चालत असेल याची कल्पना करा.

तरी चालतो. राइस मिलवाले येतात, लॉनवाले येतात, पतसंस्था येतात. हे पितळी भांड्यांचं शहर, तेव्हा भांडीवालेही येतात. आणि ‘नॅक’ची टीम येणार म्हटलं की महाविद्यालयं धावत येतात. त्यांच्याविषयी पुढे बोलू, कारण तिथे मजकूर पुष्कळ आहे.

आधी त्या निळ्या ‘ई’चं बोलते. डेस्कटॉपवरच्या त्या चिन्हालाच आमच्याकडे वर्षानुवर्षं नेट म्हणत आले. त्या चिन्हामागचा ब्राउझर म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर, ऊर्फ आयई. त्याची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये निघाली आणि विंडोज एक्सपीच्या खांद्यावर बसून कचेरीकचेरीत पोचली. सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. प्रतिस्पर्धी नेटस्केप केव्हाच हरला होता, मायक्रोसॉफ्टला घाई कसली? तोवर जगातल्या असंख्य साइटी त्या सहाव्या आवृत्तीच्या खोडींना धरून बांधल्या गेल्या होत्या. मी या धंद्यात शिरले तेव्हा कामाचा अर्धा दिवस वेबसाइट बनवण्यात जायचा आणि उरलेला अर्धा, तीच वेबसाइट निळ्या ‘ई’ची समजूत घालत परत बनवण्यात.

त्याची एक खोड सांगते. आपल्याकडे धानाच्या दोन बांध्यांमध्ये धुरा असतो ना, तसं वेबपानावरही असतं. मजकुराची एक बांधी, फोटोची दुसरी आणि मध्ये मोकळी जागा, तिला आम्ही मार्जिन म्हणतो. आता एखादी बांधी डावीकडे सरकवली आणि त्याच बाजूला दहा पिक्सेलचा धुरा ठेव म्हटलं, तर हा पठ्ठ्या गुपचूप वीसचा टाकायचा. शेजारच्या बांधीला जागा पुरायची नाही, ती सरळ खाली जाऊन पडायची. धुऱ्याच्या भांडणात तहसीलच्या चकरा मारून चपला झिजतात, इथे मात्र निकाल एका ओळीचा होता. त्या बांधीला ‘डिस्प्ले इनलाइन’ असं लिहायचं, की धुरा जागच्या जागी. हे असं का होतं, ते विचारायचं नाही. आमच्या धंद्यातल्या तमाम मंडळींनी ती ओळ मुंजीतल्या मुलाच्या श्रद्धेने पाठ केली होती.

दुसरी खोड पारदर्शक चित्रांची. एका भांड्यांच्या दुकानाची साइट होती. मालकांनी हौसेने पितळेचा गुंड घासूनपुसून, चिंच लावून लखलखीत करून दिला. मी फोटो काढला, गुंडाभोवतीची पार्श्वभूमी केसाकेसाने कापली, मागे हलका नक्षीदार पडदा टाकला. माझ्या संगणकावर गुंड अधांतरी तरंगत होता, इतका सुरेख. मालकांच्या संगणकावर आयई-सहा. त्याला पीएनजी चित्रातला आरपार भाग दाखवता यायचा नाही, तिथे तो राखाडी चौकोन भरून टाकायचा. मालकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘म्याडम, गुंडाखाली हे पोतं काहून टाकलं?’’

त्या पोत्यावर मी तांत्रिक व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ते ठीक आहे जी, पण पोतं काढा.’’

मायक्रोसॉफ्टलाही पुढे स्वतःच्याच लेकराची लाज वाटू लागली. मार्च २०११ मध्ये कंपनीने सहाव्या आवृत्तीला निरोप देण्यासाठी जाहीर मोहीम काढली. तरी तो गेला नाही. मग नऊ, दहा, अकरा असं करत १५ जून २०२२ ला सगळ्या घराण्यालाच निवृत्त करण्यात आलं. त्या महिन्यात दक्षिण कोरियात एका अभियंत्याने निळ्या ‘ई’ची समाधी बांधली. खरोखरचा काळा दगड, त्यावर कोरलेलं चिन्ह आणि खाली मजकूर, की दुसरे ब्राउझर डाउनलोड करून घ्यायला हा फार उपयोगी होता. कोरियाला विनोद करायचा हक्क आहे. तिथली बँकांची ऑनलाइन सुरक्षा अ‍ॅक्टिव्ह-एक्स नावाच्या तंत्रावर उभी होती, ते फक्त आयईत चालायचं, त्यामुळे झाडून सगळा देश त्या एका ब्राउझरला बांधला गेला होता.

भंडाऱ्यात समाधी बांधायची पंचाईत अशी की मयत अजून कामावर येतो. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला, पण विंडोज ७ ला हे कोणी कळवलेलं नाही. शहरातल्या माणसाला वाटतं की हा अडाणीपणा आहे, आळस आहे. तसं नाही. जुना संगणक का ठेवला आहे ते विचारून बघा, प्रत्येक ठिकाणी एक ठाम, व्यवहारी कारण निघतं. एका ठेकेदाराकडे डिजिटल सहीची डोंगल होती. डोंगलला जावा लागायचं आणि जावाचं ते अ‍ॅपलेट चालवायला जुना ब्राउझर. क्रोमने २०१५ मध्ये असल्या प्लगइनांना दार बंद केलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. आयईने केलं नाही. मग ठेकेदाराने काय करायचं? पुढारलेला ब्राउझर घेऊन निविदा हातची घालवायची? एका पतसंस्थेत स्कॅनर असा आहे की त्याचा ड्रायव्हर फक्त त्याच एका मशीनवर बसतो. त्या मशीनवर झाकण म्हणून शिवलेलं कापड आहे, आणि मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी, ‘अपडेट करू नये. हुकुमावरून.’ मी त्या चिठ्ठीपुढे हात जोडते. अपडेट केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं हे ज्याने भोगलं आहे, त्यानेच ती लिहिली असणार.

सरकारी साइटींवर पूर्वी तळाशी एक ओळ असायची, की हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये आणि १०२४ गुणिले ७६८ आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसेल. २००९ मध्ये राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, सरकारी साइटींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात वेगवेगळ्या ब्राउझरांवर तपासून बघा असं स्वच्छ लिहिलं. पुढे जिल्ह्यांच्या साइटींना एकच तयार साचा मिळाला. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि आता दोघांची संकेतस्थळं बघितली तर वाटणी झालेल्या भावांच्या चेहऱ्यांची आठवण येते. मला साचा आवडतो. साच्यात कोणाला लोगो मोठा करून मागता येत नाही.

मराठीचा त्रास तर ब्राउझरहून जुना. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून हक्काची जागा आहे, पण ती जागा आमच्या डीटीपीवाल्यांना अजून पसंत पडलेली नाही. पत्रिका, फ्लेक्स, अहवाल, सगळं कृतिदेव फाँटमध्ये नाहीतर श्रीलिपीत. छापायला हरकत काहीच नाही. पण तोच मजकूर वेबसाइटसाठी माझ्याकडे येतो आणि मी तो पानावर डकवते तेव्हा कृतिदेवचं सोंग उतरतं. आतून ती नुसती इंग्रजी अक्षरं असतात, वर मराठी मुखवटा. ‘भंडारा’ या शब्दाच्या जागी एच, के, ए, एम, के, जे, के अशी सात अक्षरं ओळीने उभी राहतात. ‘महा’ असेल तिथे ई, जी, के. मला आता ही भाषा वाचता येते. एकदा छापखान्याच्या मुलासमोर मी पडद्यावरचं ‘एचकेएएम...’ बघून सहज ‘भंडारा’ म्हणाले, तर त्याने माझ्याकडे अंगात देवी आलेल्या बाईकडे बघतात तसं बघितलं.

कोणे एके काळी मराठी वर्तमानपत्रांच्या कित्येक साइटीही अशाच मुखवट्यावर चालायच्या. फाँट पानाबरोबरच पाठवायचा, आणि तो उचलायची अक्कल फक्त आयईला होती. त्यामुळे मराठी बातमी वाचायची तर निळा ‘ई’ हवाच. एक्सपीवर युनिकोड मराठी दिसायला हवी असेल तर मूळ सीडी शोधून काढून भाषेच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत. ती सीडी नेमकी ज्या कपाटात असे, त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. आता तसं काही उरलेलं नाही, फोनवर सगळे झरझर मराठी लिहितात. फक्त वेबसाइटला मजकूर द्यायची वेळ आली की तेच लोक फोन बाजूला ठेवतात, छापखान्यात जातात, कृतिदेवमध्ये टाइप करून घेतात, त्याचा प्रिंट काढतात आणि प्रिंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फोटोत कोपऱ्यात चहाच्या कपाचा कान दिसतो.

आता महाविद्यालय. नाव सांगत नाही, जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ पासून बेंगळुरूला आहे, पण २०१७ मध्ये तिने मूल्यांकनाची पद्धत बदलली. स्वयंअध्ययन अहवाल ऑनलाइन झाला आणि ढीगभर कागदपत्रं महाविद्यालयाच्या स्वतःच्या साइटवर ठेवणं आलं. त्या दिवसापर्यंत कॉलेजची वेबसाइट म्हणजे प्राचार्यांचा फोटो, इमारतीचा फोटो आणि उजवीकडून डावीकडे पळणारी प्रवेशाची सूचना. त्या दिवसानंतर ती आणीबाणी झाली, आणि आणीबाणी म्हटली की समिती आली.

कार्यालयीन आदेशाने नेमलेल्या समितीत प्राचार्य, नॅकचे समन्वयक, मजकुरासाठी मराठीचे सर, फोटोंसाठी क्रीडा विभागाचे सर (कॅमेरा त्यांच्याकडे होता), ग्रंथपाल आणि मोठे बाबू. बाहेरून मी आणि नागपूरचा एक डिझायनर. संस्थेचे अध्यक्ष समितीत नव्हते, पण निर्णय तेच घ्यायचे. ‘वेबसाइट समिती (अधिकृत)’ असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. अनधिकृतही एक होता, खरं काम त्यावर चालायचं, असं मला नंतर कळलं. अधिकृत ग्रुपवर सकाळी सहापासून सुप्रभात सुरू व्हायचं. गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, गजानन महाराज, आणि या सगळ्याच्या मधोमध कुठेतरी, ‘म्याडम रसायनशास्त्राच्या सरांची पदवी चुकली’ अशी एक ओळ. ती सापडेस्तोवर कोणाचा तरी वाढदिवस यायचा आणि ओळ केकाखाली जायची.

नागपूरच्या डिझायनरने भंडारा म्हणून बॅनरला पितळी रंग दिला. त्याच्या महागड्या मॉनिटरवर तो तेजस्वी दिसत होता. मोठ्या बाबूंच्या जुन्या मॉनिटरवर हिरवट उतरला. अध्यक्षांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, ‘‘हे कळकलं. कल्हई करा.’’ डिझायनरला मी म्हटलं, एकदा येऊन बाबूंच्या मॉनिटरवर बघून जा. तो म्हणाला, साठ किलोमीटर एका रंगासाठी? शिवाय पूर्वी एकदा तो रेल्वेने आला होता, आणि भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीला आहे याचा राग त्याने अजून सोडलेला नव्हता. मग तो नागपुरातून रंग पाठवायचा, बाबू मॉनिटरचा फोटो काढून परत पाठवायचे, त्या फोटोवर ट्यूबलाइटचा पट्टा, आणि डिझायनर त्या पट्ट्याचा रंग दुरुस्त करायचा.

केलेला बदल दिसत नाही ही तक्रार तर रोजची. त्यावर उपाय साधा आहे, ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलेलं असतं, ते फेकून नवं मागवायचं.

‘‘सर, कंट्रोल आणि एफ-पाच दाबा.’’

‘‘दाबलं.’’

‘‘दोन्ही एकत्र दाबलं का?’’

‘‘एका हाताने कसं दाबू जी? दुसऱ्या हातात तुम्ही आहात न.’’

फोन टेबलावर ठेवा म्हटलं की फोन कटायचा. पाच मिनिटांनी ग्रुपवर संदेश, ‘म्याडमशी बोलणे झाले. अडचण कायम.’

अशात जुलै लागला. धो-धो पाऊस, वैनगंगा दुथडी, आणि एका सकाळी मोठ्या बाबूंचा फोन आला.

‘‘साइट उघडूनच नाही राहिली जी.’’

‘‘समोर काय येतं?’’

‘‘लाल येते.’’

‘‘लाल म्हणजे काय?’’

‘‘लाल म्हणजे लाल. ढाल आहे एक. अन् खाली इंग्रजी.’’

‘‘इंग्रजीत काय लिहिलंय?’’

‘‘लय आहे.’’

माझ्याकडे साइट उघडत होती. नागपूरला उघडत होती. प्राचार्यांच्या मोबाइलवर उघडत होती. फक्त कार्यालयात नाही. तिथे निळा ‘ई’, कारण शिष्यवृत्तीच्या फॉर्मांच्या काळापासून बाबूंचा विश्वास त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी साइट आपोआप उघडली. चार दिवसांनी परत बंद. मग आठवडाभर चालू. मग दोन दिवस बंद. ग्रुपवर सुप्रभात थांबलं, इतकं वातावरण गंभीर झालं.

ढालीवरची पहिली ओळ साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्रात गडबड असल्याचं सांगत होती. त्यातला ‘सुरक्षा’ एवढा एकच शब्द अध्यक्षांपर्यंत पोचला आणि त्यांनी साइट हॅक झाल्याचं जाहीर केलं. कोणी केली तेही त्यांना माहीत होतं, पलीकडच्या तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थेने. क्रीडा विभागाच्या सरांनी केबलमध्ये पाणी शिरल्याचा सिद्धांत मांडला, आणि तो पावसाशी जुळत असल्याने बहुमत त्या बाजूला गेलं. ग्रंथपालांचं म्हणणं, फोटो फार झाले, वजनाने बसली. डिझायनर ठामपणे सांगत होता की हे डिझाइनचं नाही. होस्टिंग कंपनीने कॅश साफ करा असं उत्तर पाठवलं. ते वाचून मोठे बाबू घाबरले, कारण रोख रकमेचं काम त्यांच्याकडेच होतं.

शेवटी मी कार्यालयात जाऊन बसले. समितीही आली. सगळे एकाच पडद्यासमोर जमण्याची ती पहिलीच वेळ, पाऊस नसता तर तीही आली नसती. निळा ‘ई’ उघडला, लाल ढाल आली. मी खालची ओळ वाचली. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा ती अजून सुरू झालेली नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. ग्रुपवर आलेल्या प्रत्येक फोटोत नेमकी तेवढी ओळ कापली गेली होती. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

आपण होतो २०२३ मध्ये. साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र नव्वद-नव्वद दिवसांचं होतं, आपोआप नवं होत राहायचं. या संगणकाच्या हिशेबाने ते अजून चौदा वर्षांनी जन्माला यायचं होतं. जन्मालाच न आलेल्याचा दाखला खरा कसा मानायचा? त्याने नकार दिला, आणि तो नकार कायद्याला धरून होता.

‘‘याचा सेल गेला न जी,’’ मागून आवाज आला. चहा घेऊन शिपाई काका उभे होते. ‘‘दोन वर्सं झाले. रात्री बटन बंद केलं का तारीख पयते मागं. मी रोज सकाळी झाडू मारून झाला का तारीख टाकतो, मंगच बाबूले देतो.’’

‘‘अन् साइट बंद पडली त्या दिवशी?’’

‘‘मी रोवणीले गेल्तो.’’

समिती गप्प झाली. हजेरीपट काढून बघायची कोणाची इच्छा नव्हती, पण मोठ्या बाबूंनी काढलाच. धानाच्या रोवणीची रजा आणि बंद साइट, तारखेला तारीख जुळली. ‘‘काका, सांगितलं काहून नाही?’’ प्राचार्यांनी विचारलं.

‘‘कोनं इचारलं जी माले?’’

संगणकाच्या मदरबोर्डवर कोटाच्या बटणाएवढा गोल सेल असतो, त्यावर २०३२ असा आकडा असतो. वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो, किंमत मोजायची तर सुट्टे पैसे पुरतात. बाबूंना मात्र तीन कोटेशनं घ्यावीत की आकस्मिक खर्चात टाकावं हा पेच पडला. तो सुटेपर्यंत क्रीडा विभागाच्या सरांनी खिशातून पैसे काढले आणि काकांनाच बाजारात पाठवलं. समितीच्या इतिवृत्तात पुढे असं नोंदलं गेलं की ‘संकेतस्थळातील तांत्रिक अडचण समितीच्या अथक प्रयत्नांनी दूर करण्यात आली.’ काकांचा उल्लेख नाही, रोवणीचाही नाही.

मी मात्र अडून बसले की काकांना ग्रुपमध्ये घ्या. बाबू म्हणाले, समिती आदेशाने नेमलेली आहे, चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी तिथे बसत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी ‘निमंत्रित सदस्य’ ही वाट निघाली. काका सुप्रभात पाठवत नाहीत. रोज साडेदहाला त्याच मशीनवर साइट उघडून बघतात आणि तीन-चार शब्दांत अहवाल देतात, ‘साइट चालू. प्रिंटर बंद.’ याच कामासाठी परदेशी कंपन्या डॉलरमध्ये महिन्याचे पैसे घेतात, आणि त्या प्रिंटरचं सांगत नाहीत.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिचं श्रेय मोठ्या बाबूंना. कोणी कोणता बदल सांगितला यावरून वाद सुरू झाला तसे ते उठले, कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, पानापानावर क्रमांक घातले आणि पहिल्या पानावर ‘या नोंदवहीत एकूण १०० पाने आहेत’ असा दाखला लिहून सही-शिक्का मारला. मग रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, काय बदल, कोणी सांगितला, त्याची सही, केल्याचा दिनांक, शेरा. सॉफ्टवेअरवाल्यांनी बदलांचा हिशेब ठेवण्यासाठी २००५ मध्ये गिट नावाचं तंत्र काढलं, ते मी आयुष्यभर शिकतेच आहे. बाबूंना शिकवायची वेळच आली नाही.

रजिस्टर सुरू झालं आणि चमत्कार झाला. ‘लोगो थोडा मोठा करा’ हे वाक्य संपलं. सांगायला सगळे तयार होते, सही करायला एकही नाही. पितळी रंगावरच्या चर्चा आठवड्यात आटोपल्या. अध्यक्षांनी एकदा पळत्या अक्षरांची सूचना परत आणायला सांगितली, बाबूंनी विनम्रपणे रजिस्टर पुढे केलं, अध्यक्ष म्हणाले, ‘‘राहू द्या, तसं काही अर्जंट नाही.’’ डिझायनरही शेवटी एकदा येऊन गेला, बसने. बाबूंच्या मॉनिटरसमोर बसला, दहा मिनिटांत रंग जुळवला, आणि रजिस्टरमध्ये सही करताना इतका घाबरला की आधी पेन्सिलने करू का विचारलं.

तेव्हा भंडाऱ्यातल्या आणि आसपासच्या ज्या संस्था यंदा साइट करून घेणार आहेत त्यांना विनंती. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, फोनवर लिहिता तोच, छापखान्यात जाऊ नका. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ते चिरडत नाहीत. पडद्याचा फोटो काढाल तर चारही कोपरे येऊ द्या, तारखेचा कोपरा तर नक्कीच. समितीच्या यादीत सकाळी संगणक सुरू करणाऱ्या माणसाचं नाव आधी घाला, अध्यक्षांचं नंतर घातलं तरी चालेल. रजिस्टर तुमचं, शंभर पानी पुरतं. निम्मी रक्कम आगाऊ लागते. आणि सातबारा माझ्याकडे निघत नाही.